उणे १९६ अंशांवरचा बॅकअप

आधीच सांगून ठेवतो, आजचा विषय ऑफिसच्या कँटीनमध्ये मोठ्याने वाचण्यासारखा नाही. आज बोलायचंय वीर्य गोठवून ठेवण्याच्या इतिहासाबद्दल. हसू आलं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल. :-)

'विकी डोनर' (२०१२) आल्यापासून आपल्याकडे निदान हा शब्द चारचौघांत उच्चारता येऊ लागला. पण तो सिनेमा दात्याचा होता. दुसऱ्यासाठी दिलं, पैसे घेतले, विषय संपला. मला ज्याबद्दल लिहायचंय ते वेगळं आहे : माणसाने स्वतःचंच वीर्य, स्वतःसाठीच, पुढे कधीतरी लागेल म्हणून ठेवून देणं. थोडक्यात, बॅकअप.

आपल्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवली जाते. बॅकअप घेणं सोपं असतं, खरी परीक्षा रिस्टोअर करताना होते. कुणी करायचं, कुणाच्या परवानगीने करायचं, मूळ मालक कंपनी सोडून गेला असेल तर काय... हे प्रश्न बॅकअप घेताना कुणी विचारत नाही. वीर्य गोठवण्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना मला सतत हेच आठवत होतं. गोठवायचं कसं हे कोडं १९४९ मध्ये सुटलं. मालक नसेल तेव्हा काय करायचं, हे अजून सुटलेलं नाही. जून २०२५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात येऊन पोचलं. तिथपर्यंत जाऊच, पण जरा मागून सुरुवात करू.

बर्फातले जंतू आणि एक सैनिक

शुक्राणू पहिल्यांदा दिसले ते १६७७ मध्ये, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक या कापड व्यापाऱ्याला. गृहस्थाला भिंगं घासायचा नाद. थेंबभर वीर्यात वळवळणारे असंख्य जीव बघून त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं.

त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी लाझारो स्पालान्झानी या इटालियन धर्मगुरूने हे जीव बर्फात ठेवून पाहिले. थंडीने ते निपचित पडले, आणि ऊब मिळताच त्यातले काही पुन्हा हलू लागले. साल १७७६. (याच स्पालान्झानीने पुढे एका कुत्रीला पिचकारीने गर्भधारणा करून तीन पिल्लं मिळवली. धर्मगुरूंना रिकामा वेळ बराच असावा.)

पण बॅकअपची कल्पना खऱ्या अर्थाने सुचली ती १८६६ मध्ये, पाओलो मान्तेगाझ्झा नावाच्या इटालियन डॉक्टरला. शुक्राणू थंडीत टिकतात हे त्यानेही पाहिलं होतं. मग तो लिहून गेला की उद्या गुरांच्या पैदाशीसाठी गोठवलेलं वीर्य वापरता येईल, आणि रणांगणावर मेलेल्या सैनिकालाही मरणानंतर आपल्या बायकोपासून औरस मूल होऊ शकेल. हे लिहिलं त्याच वर्षी इटली ऑस्ट्रियाशी लढत होता, त्यामुळे सैनिक सुचणं साहजिक होतं. जमेल की नाही याचा पत्ता नव्हता, पण कल्पना सुचली त्याच क्षणी मेलेला नवरा आणि मागे राहिलेली बायको त्यात हजर होती, हे लक्षात ठेवा.

चुकीच्या लेबलची बाटली

पुढची ऐंशी वर्षं सगळ्यांचं गाडं एकाच ठिकाणी अडत राहिलं. थोडी थंडी शुक्राणू सोसतात, पण नीट गोठवले की बहुतेक मरतात. आणि नुसत्या थंडाव्यात ठेवून वर्षानुवर्षं साठवण होत नाही.

१९४८ मध्ये ख्रिस्तोफर पोल्ज नावाचा विशीतला पोरगा लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये या कामाला लागला. वरिष्ठ होते ॲलन पार्क्स, जोडीला ऑड्री स्मिथ. प्रयोग कोंबड्याच्या वीर्यावर. वीर्यात फळसाखरेचं द्रावण मिसळून गोठवायचं आणि किती जगतात ते बघायचं. फारसं कुणी जगेना. वैतागून त्यांनी बाटल्या शीतगृहात ठेवल्या आणि दुसरी कामं हाती घेतली.

काही महिन्यांनी पोल्जने त्याच बाटल्या काढून पुन्हा सुरुवात केली, आणि एका बाटलीतल्या द्रावणाने कमाल केली. गोठवलेले शुक्राणू वितळवल्यावर चक्क पोहू लागले! मग साखरेचं ताजं द्रावण बनवून पाहिलं तर पुन्हा सगळे गारद. जुन्याच बाटलीत काहीतरी जादू होती, आणि तीही तळाला आलेली. उरलेलं थोडंसं द्रावण त्यांनी रसायनतज्ज्ञाकडे तपासायला दिलं. उत्तर आलं : यात साखर नाहीच. यात आहे ग्लिसरीन, पाणी आणि अंड्यातलं प्रथिन.

हे मिश्रण प्रयोगशाळेतलंच होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे ऊतींचे पातळ काप काचेवर चिकटवायला ते वापरत. शीतगृहात कुठेतरी लेबलांची अदलाबदल झाली होती, बस. प्रथिनाचा काही संबंध नव्हता, काम करत होतं ते ग्लिसरीन. ओठांना लावतो तेच. १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांचा लेख 'नेचर'मध्ये आला आणि जिवंत पेशी गोठवण्याची एक अख्खी विद्याशाखा उभी राहिली.

मला या गोष्टीत लेबलाच्या घोळापेक्षा पुढचा भाग जास्त आवडतो. नवीन द्रावण चालत नाही म्हटल्यावर 'आधी बहुतेक नजरचूक झाली असेल' म्हणून ते सोडून देता आलं असतं. आपण नाही का, न समजलेला बग आपोआप गेला की तिकीट बंद करतो? यांनी केलं नाही. आधी का चाललं, याचा पाठपुरावा केला.

ग्लिसरीन करतं तरी काय?

याचं उत्तर त्याच संस्थेतल्या जेम्स लव्हलॉक यांनी १९५३ च्या सुमारास दिलं. (हो, तेच लव्हलॉक, पुढे पृथ्वी हाच एक सजीव मानणारी 'गाया' कल्पना मांडणारे. मधल्या काळात त्यांनी आणि ऑड्री स्मिथनी हॅमस्टर गोठवून पुन्हा जिवंत केले होते, पण तो एक वेगळा वीकेंड.)

आपल्याला वाटतं बर्फाचे स्फटिक पेशीला सुयांसारखे टोचतात आणि पेशी फुटते. मुख्य प्रकार तसा नाही. पेशीबाहेरचं पाणी गोठताना शुद्ध पाण्याचा बर्फ होतो आणि त्यातलं मीठ उरलेल्या पाण्यात जमा होतं. जितका बर्फ जास्त, तितकं उरलेलं पाणी खारट. त्या खारटपणाने पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तिचं आवरण मोडतं. म्हणजे पेशी मिठात घातलेल्या कैरीच्या फोडीसारखी आक्रसून मरते. ग्लिसरीन मिसळलं की त्याच तापमानाला बर्फ कमी होतो आणि खारटपणा सोसवेल इतपतच वाढतो.

उलट फार झपाट्याने थंड केलं तर पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते पेशीच्या आतच गोठतं, आणि तेही घातकच. थंड करण्याचा नेमका वेग सांभाळावा लागतो, तो का, हे पुढे १९६० च्या दशकात पीटर मेझर यांनी गणिताने मांडलं. शुक्राणू या खेळात नशीबवान. पेशी इवलीशी, आत पाणी अगदी थोडं. स्त्रीबीज त्याच्या कितीतरी पट मोठं आणि पाण्याने भरलेलं, म्हणून ते गोठवायची पद्धत बसायला पुढे अनेक दशकं गेली.

आज नमुने द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, उणे १९६ अंश सेल्सिअसला. त्या तापमानाला रासायनिक क्रिया जवळपास थांबतात. गोठवताना आणि वितळवताना बरेच शुक्राणू मरतात, पण एकदा आत गेले की आज ठेवले काय आणि तीस वर्षांपूर्वी ठेवले काय, फार फरक पडत नाही. ऑस्ट्रेलियात १९६८ मध्ये गोठवलेलं मेंढ्याचं वीर्य सिडनी विद्यापीठाने २०१९ मध्ये वापरलं. ५६ मेंढ्यांपैकी ३४ गाभण राहिल्या. बाप मरून कैक वर्षं झाली होती.

आधी गाई, मग माणसं

अपेक्षेप्रमाणे पहिला फायदा गुरांना झाला. १९५१ मध्ये गोठवलेल्या वीर्यापासूनचं पहिलं वासरू इंग्लंडात जन्मलं. वळूचं एका वेळचं वीर्य पातळ करून शेकडो मात्रा बनतात, त्यामुळे एक चांगला वळू हजारो गाईंपर्यंत पोचू लागला.

वीर्य भरून ठेवायच्या त्या बारीक नळकांड्यांचीही गंमत आहे. डेन्मार्कचा सोरेन्सेन नावाचा पशुवैद्य आपल्या मुलीच्या वाढदिवसाला गेला, पोरं स्ट्रॉने सरबत पीत होती, आणि त्याला वाटलं, अरे, वीर्य भरायला हेच तर पाहिजे! पुढे १९६० च्या दशकात फ्रान्सच्या कासू यांनी या नळ्या कारखान्यात बनवायला घेतल्या. आज जनावराचं असो की माणसाचं, वीर्य बहुतेक ठिकाणी अशा अर्धा किंवा पाव मिलिलीटरच्या कांडीतच असतं.

यात महाराष्ट्रही मागे नव्हता. पुण्याजवळ उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि तिथे मणिभाई देसाईंना ठेवलं. त्याच मणिभाईंनी १९६७ मध्ये 'बाएफ' संस्था काढली. तिने गावोगाव संकरित गाई तयार केल्या त्या गोठवलेल्या रेतमात्रांच्या जोरावर. मोटरसायकलला नायट्रोजनचा कंटेनर लावून दारात येणारा कृत्रिम रेतनवाला हा पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही गोठ्याला ओळखीचा माणूस. म्हणजे जे तंत्रज्ञान आपल्याला शहरातल्या काचेच्या क्लिनिकमधलं वाटतं, ते आपल्या गावाकडे आजोबांच्या वेळेपासून आहे. मात्र वळूची संमती कुणी विचारत नाही, त्यामुळे तिथे रिस्टोअरचा प्रश्न येत नाही.

माणसांत हे पहिल्यांदा जमवलं अमेरिकेत, आयोवा विद्यापीठात. जेरोम शर्मन हा तिथला संशोधक विद्यार्थी, आणि रेमंड बंगी हे मूत्ररोगतज्ज्ञ. त्यांनी ग्लिसरीन घालून, कोरड्या बर्फात गोठवलेल्या मानवी वीर्यापासून गर्भधारणा झाल्याचं १९५३ मध्ये 'नेचर'मध्ये जाहीर केलं. पण समाज कुठे होता बघा : पुढच्याच वर्षी शिकागोच्या एका न्यायालयाने, दात्याचं वीर्य वापरून गर्भधारणा करणं म्हणजे व्यभिचार आणि होणारं मूल अनौरस, असा निकाल दिला. अशा हवेत डॉक्टर हे काम गाजावाजा न करता करत राहिले. गाईंच्या पेढ्या वाढत गेल्या आणि माणसांच्या पेढ्या जवळजवळ वीस वर्षं नावालाच राहिल्या.

१९७० नंतर चित्र बदललं. अमेरिकेत नसबंदी वाढली, आणि 'पुढे विचार बदलला तर?' या भीतीवर धंदा करणाऱ्या खाजगी वीर्यपेढ्या निघाल्या. फ्रान्समध्ये १९७३ मध्ये जॉर्ज दाविद यांनी 'सेकोस' ही संस्था सुरू केली. तिथे दान विनामूल्य, सगळा कारभार रुग्णालयांच्या शिस्तीतला.

अमेरिकेत तर १९८० मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या चष्म्याच्या न फुटणाऱ्या काचांवर श्रीमंत झालेल्या माणसाने नोबेल विजेत्यांची वीर्यपेढी काढली! दिल्याचं उघड कबूल करणारा एकमेव नोबेल विजेता म्हणजे विल्यम शॉकली, ट्रान्झिस्टरच्या तीन जनकांपैकी एक. आपल्या सगळ्यांच्या पोटापाण्याचं मूळ त्या शोधात आहे, पण वंश आणि बुद्धिमत्ता यांवरची शॉकलीची मतं ऐकवणार नाहीत अशी होती. त्या पेढीतून दोनशेच्या वर मुलं जन्मली, पण नोबेल विजेत्यापासून एकही नाही. १९९९ मध्ये दुकान बंद झालं.

बॅकअपची खरी गरज

हौशी लोकांचं सोडा. बॅकअपची खरी गरज निर्माण केली ती कॅन्सरच्या औषधांनी.

वृषणाचा कॅन्सर हा प्रामुख्याने पंधरा ते चाळीस वयातल्या पुरुषांचा आजार. पसरलेला असेल तर पूर्वी बहुतेक रुग्ण जात. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन हे औषध इतर औषधांबरोबर द्यायला सुरुवात केली आणि बहुतेक रुग्ण जगू लागले. पंचविशीतला मुलगा वाचणार म्हटल्यावर तिशीतलं त्याचं आयुष्य समोर उभं राहिलं. आणि हीच केमोथेरपी अनेकदा शुक्राणू बनवण्याची क्षमता काही काळ किंवा कायमची घालवते. म्हणून उपचाराआधी वीर्य गोठवणं.

तरी अडचण होतीच. आजारी माणसाचा नमुना मुळात कमजोर, गोठवल्यावर आणखी कमजोर. ती दूर झाली १९९२ मध्ये, ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत जाहीर केली तेव्हा. आता लाखो शुक्राणू नकोत, मोजके जिवंत असले तरी पुरे. मँचेस्टरच्या एका रुग्णाचं वीर्य १९७९ मध्ये, तो सतरा वर्षांचा असताना ठेवलं होतं. तेव्हा ही पद्धत अस्तित्वातच नव्हती. २००२ मध्ये त्याला मुलगा झाला. जुन्या फाइली उघडणारं सॉफ्टवेअर नंतर लिहिलं जावं, तसंच हे.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी हाच कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया आणि केमोच्या मधल्या दिवसांत त्याने वीर्य ठेवलं आणि १९९९ व २००१ मध्ये त्यातूनच त्याला तीन मुलं झाली. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली, पण हा एक निर्णय त्याने बरोबर घेतला होता.

इथे माझ्या ओळखीतली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या टीममधल्या एका मुलाला लिम्फोमा निघाला. वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं. केमो सोमवारपासून, आणि वीर्य ठेवायचं का हे त्याला शुक्रवारी संध्याकाळी एका नर्सने हळूच विचारलं. तोपर्यंत कुणीच बोललं नव्हतं. शनिवारी मी त्याच्याबरोबर गेलो. त्याची आई बाहेर बाकावर बसली होती, तिला 'एक टेस्ट आहे' एवढंच सांगितलं होतं. आत एक फॉर्म मिळाला, चार पानी. तिसऱ्या पानावर प्रश्न होता : मृत्यू झाल्यास नमुन्याचं काय करावं? त्याने 'नष्ट करावे' वर खूण केली आणि पान उलटलं. वीस सेकंदही लागली नसतील. मी काही बोललो नाही. काय बोलणार?

तो आज ठणठणीत आहे, दरवर्षी पेढीचं भाडं भरतो. पण ती वीस सेकंदं माझ्या डोक्यातून जात नाहीत. का, ते पुढची प्रकरणं बघितली की कळेल.

नल, ट्रू आणि फॉल्स

फ्रान्स, १९८४. आलँ पार्पाले या तरुणाने वृषणाच्या कॅन्सरवरच्या उपचाराआधी, १९८१ मध्ये, सेकोसकडे वीर्य ठेवलं होतं. डिसेंबर १९८३ मध्ये त्याने आपल्या मैत्रिणीशी लग्न केलं आणि दोनच दिवसांनी तो गेला. पत्नी कोरीनने नमुना मागितला. सेकोस म्हणाली, मृत्यूनंतर काय करावं हे त्याने लिहिलेलं नाही, आम्ही देऊ शकत नाही. क्रेतेय्यच्या न्यायालयाने निकाल पत्नीच्या बाजूने दिला. नमुन्याकडे घर-जमिनीसारखी मालमत्ता म्हणून न बघता न्यायालयाने एकच शोधलं, त्या माणसाची इच्छा काय होती? पत्नीच्या आणि आईवडिलांच्या साक्षीवरून मूल व्हावं अशी होती, असं मानलं. गर्भ मात्र राहिला नाही, आणि १९९४ च्या कायद्याने फ्रान्सने मृत्यूनंतरचा वापर बंदच केला.

इंग्लंड, १९९५. स्टीफन ब्लड मेंदूज्वराने कोमात गेला. पत्नी डायनच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी त्याचं वीर्य काढून घेतलं. १९९० चा ब्रिटिश कायदा म्हणतो लेखी संमती हवी, आणि कोमातला माणूस ती देणार कशी? १९९७ मध्ये अपील न्यायालयाने तिला बेल्जियममध्ये उपचार घ्यायची मुभा दिली. १९९८ आणि २००२ मध्ये तिला दोन मुलगे झाले. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव लागावं म्हणून ती पुन्हा लढली, आणि २००३ मध्ये त्यासाठी कायदा झाला.

पुणे, २०१८. जर्मनीत शिकायला गेलेल्या एका मुलाला ब्रेन ट्यूमर झाला. तिथल्या डॉक्टरांनी केमोआधी त्याचं वीर्य गोठवलं. आपल्यामागे ते वापरायचा अधिकार आई आणि बहिणीला द्यावा, असं त्याने तिथे नोंदवल्याचं वृत्तपत्रांत आलं होतं. २०१६ मध्ये तो गेला. आईने, पेशाने शिक्षिका, नमुना पुण्याला आणवला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सरोगसीतून तिला जुळी नातवंडं झाली.

दिल्ली, २०२४. कॅन्सरने गेलेल्या अविवाहित मुलाचं वीर्य रुग्णालय आईवडिलांना देईना. त्याने २०२० मध्ये ते ठेवलं आणि काही महिन्यांतच तो गेला होता. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला : नमुना आईवडिलांना द्यावा, मृताची संमती दिसत असेल तर आपला कायदा अशा वापराला मनाई करत नाही.

आणि मुंबई, २०२५. पुन्हा अविवाहित तरुण, पुन्हा केमोआधी ठेवलेला नमुना, पुन्हा मागणारी आई. फक्त यावेळी मुलाने फॉर्मवर लिहून दिलं होतं की मृत्यू झाल्यास नष्ट करावं. आईचं म्हणणं, हे त्याने घरात कुणाला न विचारता लिहिलं. उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये तात्पुरता आदेश दिला, की प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत नमुना जपून ठेवा. नाहीतर निकाल लावायला काही उरणारच नाही.

प्रोग्रामर मंडळींच्या लक्षात आलं असेल. पुण्याच्या मुलाचं उत्तर होतं ट्रू. मुंबईच्या मुलाचं फॉल्स. पार्पाले, ब्लड आणि दिल्लीचा मुलगा यांचं नल, म्हणजे 'मरणानंतर काय' या रकान्यात काहीच नाही. नल आणि फॉल्स एक नव्हेत, हे आपल्याला कंपायलर रोज ओरडून सांगतो. माणसांच्या बाबतीत मात्र होतं असं, की रकाना रिकामा असेल तर मागे राहिलेली माणसं तो आपल्या दुःखाने भरतात. 'त्याला हेच हवं असणार.' असेलही. मुलगा गमावलेल्या आईला तसं वाटण्यात गैर काय? तिच्याजागी मी असतो तर मलाही वाटलं असतं. पण त्यातून जन्मणारं मूल हे कुणाची आठवण म्हणून येत नाही, एक नवीन माणूस म्हणून येतं, आणि बाप होण्याचा निर्णय बापाने घेतला होता की नाही, हे एक दिवस ते विचारणार.

म्हणून माझं मत सरळ आहे. फॉल्स म्हणजे फॉल्स. लिहिलेला नकार आईलासुद्धा बदलता येऊ नये. तो बदलता आला तर फॉर्म भरून घेण्याला अर्थच राहत नाही.

आता माझ्याच मताला छेद देणारी ती वीस सेकंदं. मुंबईची बातमी वाचून मी आमच्या मित्राला विचारलं, तू तेव्हा 'नष्ट करावे' का लिहिलंस? बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "अरे, मरणाचा विचारच करायचा नव्हता. आई बाहेर बसलेली. ज्या पर्यायावर कुणी पुढे काही विचारणार नाही तो निवडला." म्हणजे तो नकार खरा होता का? की फॉर्म लवकर संपवायची घाई होती? कोर्टाला हे कधीच कळू शकत नाही, आणि तो जिवंत आहे म्हणून मला कळलं.

आपल्या २०२१ च्या कायद्याने एक चांगली गोष्ट केली आहे. वीर्य, स्त्रीबीज किंवा भ्रूण गोठवायचं असेल तर मृत्यू झाल्यास काय करायचं याची लेखी सूचना घेतल्याशिवाय पेढीला ते ठेवता येत नाही. नल बंद. पण रकाना भरला जाणं आणि विचार करून भरला जाणं यात अंतर आहे. ते कायद्याने भरून निघणार नाही. त्यासाठी निदान एक दिवस आधी कुणीतरी समोर बसून बोलायला हवं. डॉक्टरने, समुपदेशकाने, नाहीतर बरोबर आलेल्या मित्राने.

मान्तेगाझ्झाचा सैनिकही अखेर आला. युक्रेनने नोव्हेंबर २०२३ मध्ये सैनिकांसाठी सरकारी खर्चाने वीर्य आणि स्त्रीबीज गोठवून ठेवायचा कायदा केला. मूळ तरतुदीप्रमाणे सैनिक मेला की नमुना नष्ट व्हायचा. त्यावर इतका संताप झाला की फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बदलून मृत्यूनंतर तीन वर्षं जपायचं ठरलं. १८६६ ची कल्पना प्रत्यक्षात यायला दीडशेच्या वर वर्षं लागली, आणि आल्याबरोबर पहिलं भांडण झालं ते मेल्यावर काय यावरूनच.

असो. लेख नेहमीपेक्षा लांबला. जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. तुमच्या ओळखीत कुणा तरुणाला केमो किंवा रेडिएशन सांगितलं असेल, तर पहिल्या डोसच्या आधी डॉक्टरांना वीर्य गोठवण्याबद्दल विचारायला सांगा. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांचं काम असतं, आणि लाजेपायी राहून गेलं तर नंतर हळहळण्यापलीकडे हातात काही उरत नाही. आणि त्याच्याबरोबर जाणार असाल, तर फॉर्म आदल्या रात्रीच मागून घ्या. तिसरं पान त्याला घरी, निवांत वाचू द्या.

आमच्या मित्राने गेल्या महिन्यात पेढीला फोन करून त्याचा फॉर्म परत मागवलाय. या वेळी काय लिहिणार आहे ते मी विचारलेलं नाही.